एका पानाचे दोन वाचक

आमच्या गावच्या वाचनालयात पेपर एकच यायचा आणि वाचणारे दहा-बारा. त्यामुळे पेपर आला की ग्रंथपाल त्याची पानं सुटी करायचे आणि ज्याच्या हाताला जे लागेल ते घेऊन माणसं सतरंजीवर बसायची. कोणाला खेळाचं पान मिळायचं, कोणाला निधनवार्तांचं. आपलं पान वाचून झालं की शेजाऱ्याकडे वळून विचारायचं, "व्हयनं का?" म्हणजे, झालं का? झालं असेल तर पानांची अदलाबदल व्हायची. नसेल तर तो नुसता हात वर करायचा आणि विचारणाऱ्यानं थांबायचं. पान ओढायचं नाही, दुसऱ्याच्या खांद्यावरून डोकावायचं नाही. हा नियम कुठंही लिहिलेला नव्हता, आणि तो मोडलेला मी कधी पाहिला नाही.

गाव चाळीसगावजवळचं. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पिठाची गिरणी आहे. संध्याकाळी पट्टा उतरवला की ते हातपाय धुऊन वाचनालयात जायचे आणि लहानपणी मला सोबत न्यायचे. कितीही हात धुतले तरी आबांच्या अंगठ्याचा पांढरा ठसा पानाच्या कडेला उठायचाच. त्यावरून लोक त्यांना चिडवायचे, की आबांनी कोणती बातमी वाचली आणि कोणती सोडली हे आम्हाला न विचारता कळतं. मी त्यांच्या गुडघ्याला टेकून बसायचे. मुलांची पुरवणी वाचून झाली की मोठ्या माणसासारखं त्यांना विचारायचे, "व्हयनं का?" ते हात वर करायचे. मग मी थांबायचे. ते थांबणं मला त्या पुरवणीपेक्षा जास्त आवडायचं.

नववीत गेल्यावर माझं जाणं थांबलं. कोणी बंद केलं असं नाही. मोठ्या मुली तिथं बसत नसत, एवढंच. एका संध्याकाळी आबा चपला घालून दारात उभे राहिले आणि मी गणिताची वही उघडून बसले. त्यांनी थोडी वाट पाहिली आणि ते गेले. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. आमच्या घरात पुष्कळ गोष्टी अशाच ठरतात.

पुढे इंजिनिअरिंगला धुळ्याला आले. शेवटच्या वर्षी आमच्या चौघींच्या गटाला प्रोजेक्ट मिळाला, शाळकरी मुलांसाठी आभासी वाचनालय. डोळ्यांवर हेडसेट चढवला की आपण एका मोठ्या दालनात उभे. कपाटातलं पुस्तक काढून उघडायचं, की त्यातलं हृदय टेबलावर धडधडायला लागतं. त्याच्याभोवती फिरा, वाकून आत बघा. ज्वालामुखीचं पुस्तक उघडलं तर पायाखाली लाव्हा. आमचे गाइड सर म्हणाले, "मुलांना पुस्तक वाचायचं नाही, पुस्तकात जायचंय." ते वाक्य आम्हाला फार आवडलं. आम्ही ते पहिल्याच स्लाइडवर टाकलं.

नव्याचे नऊ दिवस झाले. दालन कसं असावं यावर आमच्या दोन सभा झाल्या आणि शेवटी इंटरनेटवरून एक तयार दालन उचललं. छतापर्यंत काळी कपाटं, त्यांना टेकलेल्या शिड्या आणि एका भिंतीत जळती शेकोटी. लायब्ररी म्हटलं की असंच असतं, यावर चौघींचं एकमत झालं. शेकोटीपाशी बसून पुस्तक वाचणारं माणूस चौघींपैकी एकीनंही कधी पाहिलेलं नव्हतं.

जानेवारीत तिघींना पुण्याला इंटर्नशिप मिळाली. मला मिळाली नाही. हे सरळ सांगते, कारण तेव्हा मी सगळ्यांना सांगत होते की मला प्रोजेक्टवर लक्ष द्यायचंय. तिघी गेल्या. सुरुवातीला रोज व्हिडिओ कॉल, मग आठवड्याला, मग ग्रुपवर अंगठ्याचं चिन्ह. "तू करतेयस ना, मग झालंच," असं त्या म्हणायच्या. तोंडभर कौतुक आणि काम शून्य. आपला हात जगन्नाथ म्हणत मी बसले.

धुळ्यातले ते महिने मला आठवतात ते लॅबच्या पंख्याच्या आवाजासह. सकाळी खोलीवरून निघायचं, लॅब उघडली की कोपऱ्यातली जागा धरायची, दुपारी डबा तिथंच खायचा, पाचला लॅब बंद होईपर्यंत बसायचं. काही दिवस असे जायचे की रिक्षावाल्याला आणि डबेवालीला सोडून मी कोणाशी शब्द बोललेले नसायचे. एप्रिलमध्ये उन्हानं खिडकीचे गज तापायचे, कपाळावर हेडसेटचा घाम यायचा आणि आत समोर शेकोटी जळत असायची. एक दिवस मी ती काढून टाकली. विचारायला कोणी नव्हतंच.

शेकोटी गेल्यावर शिड्या गेल्या. मग टेबलं बुटकी झाली, खाली सतरंजी आली. दाराशी पेपरचा एक लाकडी मंच आला. सुट्टीत गावी गेले तेव्हा मी आमच्या वाचनालयातल्या एका जुन्या अंकाची पानं मोबाइलवर टिपून आणली होती, ती मी त्या मंचावर ठेवली. आणि मग मी तो नियम घातला. एका वेळी एक पान एकाच वाचकाकडे. दुसरा आत आला तर त्या पानाच्या जागी मोकळी जागा दिसेल आणि 'वाचक वाचत आहेत' अशी पाटी. त्यानं 'झालं का?' हे बटण दाबलं की पहिल्याकडे घंटी वाजेल. पहिल्यानं पान सोडलं की दुसऱ्याला मिळेल. वाचकांच्या आकृत्या साध्याच होत्या, पांढऱ्या, चेहरा नसलेल्या. चेहरे मला जमले नाहीत.

सरांनी ते पाहिलं आणि हेडसेट काढून माझ्याकडे बघत राहिले. "अगं, डिजिटल गोष्टीच्या लाख प्रती होतात. मुलांना थांबावं लागू नये म्हणून तर हे सगळं चाललंय. आणि तू रांग लावतेस?"

सर चुकीचं बोलत नव्हते. जगात दुसऱ्या कुठल्याच विद्यार्थ्यानं ही चूक केली नसती. संगणकावर टंचाई निर्माण करायला आमच्याकडचंच माणूस लागतं. मी म्हटलं, काढते सर. पण काढलं नाही. आज उद्या करत राहिले. खरं कारण सरांना सांगण्यासारखं नव्हतं. मला तिथं शेजारी कोणीतरी हवं होतं. मी पान धरून बसलेय आणि कोणीतरी मला विचारतंय, एवढंच हवं होतं. आणि ते कोणीतरी म्हणजे आबा, हेही मला माहीत होतं.

एका शनिवारी दुपारी डबा खाल्ला, हेडसेट चढवला आणि आत गेले, तर मंचावर पहिलं पान नव्हतं. मोकळी जागा आणि पाटी: वाचक वाचत आहेत.

मी हरखले. लिंक तिघींकडे होती. त्यांच्यातली एक तरी आत आलेली होती, सुट्टीच्या दिवशी, न सांगता. मी दालनभर बघितलं, आकृती दिसली नाही, ती एखाद्या कपाटामागे असेल असं वाटलं. मी घाई केली नाही. सतरंजीवर बसले. आमच्या गावात थांबतात तशी थांबले. मनात काय काय बोलून घेतलं, की बघ, तुझ्यासाठी शेकोटी काढून टाकली. मग बटण दाबलं. झालं का?

घंटी वाजली. हेडसेटमध्ये नाही, बाहेर. माझ्या मागे, लॅबच्या दुसऱ्या कोपऱ्यात.

मी हेडसेट काढला. त्या कोपऱ्यातल्या संगणकावर काल मी चाचणी घेतली होती आणि बाहेर पडायचं विसरले होते. पान कालपासून माझ्याचकडे होतं. मी उठले, तिकडे गेले, आणि माझ्या हातातलं पान सोडून मला दिलं. परत जागेवर येऊन बसले तेव्हा मंचावर पान आलेलं होतं. मला रडू आलं. लॅबमध्ये कोणी नव्हतं म्हणून बरं, आणि कोणी नव्हतं म्हणूनच रडू आलं.

त्या संध्याकाळी मी धुळ्याहून चाळीसगावची गाडी पकडली. गाडीत मेथीच्या जुड्या घेऊन बसलेल्या बायकांनी मला जागा करून दिली आणि कुठली, कोणाची, हे सगळं विचारून घेतलं. मला ते फार बरं वाटलं. सोबत मी मोबाइल घालून डोळ्यांना लावायचा एक प्लास्टिकचा डबा घेतला होता. घरी आबांच्या मोबाइलवर लिंक टाकून तो त्यांना दिला. बघत राहिलं की पान उचललं जातं, मंचाकडे बघितलं की परत जातं, एवढं त्यांना शिकवलं. ते म्हणाले, "करी दखसू." म्हणजे, करून बघेन. आई म्हणाली, "ह्या वयमा आते हाई बी?"

सर सोमवारी शेवटचं काम बघणार होते आणि त्याआधी नियम काढायचाच होता. म्हणून रविवारी सकाळीच मी परत धुळ्याला आले. चाचणीसाठी हेडसेट खोलीवर न्यायची परवानगी होती. संध्याकाळी, गिरणी बंद व्हायच्या वेळेला, मी आत गेले.

पहिलं पान नव्हतं. आणि बुटक्या टेबलापाशी एक पांढरी आकृती बसलेली होती.

मी शेजारी जाऊन बसले. आवाजाची सोय मी केली नव्हती, त्यामुळे बोलता येत नव्हतं. आकृतीची मान पानावर खाली झुकलेली, मधूनच डावीकडून उजवीकडे हलायची. मी बटण दाबलं. काही झालं नाही. थोड्या वेळानं पुन्हा दाबलं. हात वर करायची सोयही मी केलेली नव्हती, नाहीतर त्यांनी केला असता. ते पान सोडायचं विसरले असतील, डबा काढून ते जेवायला गेले असतील, असं वाटायचं, आणि मग मान हलायची. मी तशीच बसून राहिले. कंटाळा आला नाही. खोलीवरच्या इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला कुठं जायची घाई नव्हती. बऱ्याच वेळानं पान मंचावर आलं आणि आकृती गेली.

लगेच फोन केला. आधी आईनं उचलला. "चप्पल काढीसन गोणीवर बठेल व्हता तुना आबा, डोयाले डबा लाईसन. हासी हासी मनं पोट दुखी ऱ्हायनं." मग आबा आले.

मी विचारलं, "आबा, इतला येळ काय वाची ऱ्हायंतात?"

"पेपर ते जुनाच व्हता. मी वाचेल व्हता."

"मंग पान काबर धरी ठेवं?"

ते म्हणाले, "पान दिन्हं अस्तं ते तू उठी गई अस्ती."

जेवलीस का, एवढं विचारून त्यांनी फोन ठेवला.

सोमवारी सकाळी मी नियम काढला. एक ओळ होती. प्रत्येकाला आपली प्रत, आणि मोबाइलवर ताण नको म्हणून सरांनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येकाला आपलं दालनही वेगळं. सरांनी आत जाऊन पटापट चार पानं उघडली, हृदय बघितलं, बाहेर आले. "बघ, किती फास्ट झालं," म्हणाले. खरंच झालं होतं.

दोन दिवसांनी सादरीकरण झालं. तिघी पुण्याहून आल्या, इस्त्रीचे कपडे घालून, आणि माझ्याहून चांगलं बोलल्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांना ज्वालामुखी आवडला. आम्ही फोटो काढले, उसाचा रस प्यायलो, आणि संध्याकाळच्या बसनं त्या परत गेल्या. हेडसेट सकाळी जमा करायचा होता. मी खोलीवर आले आणि एकदा आत गेले. पहिलं पान मंचावर होतं. उचललं, टेबलापाशी नेलं, सतरंजीवर बसले. शेजारी कोणी नव्हतं. कोणी येणारही नव्हतं, ते मीच तसं करून ठेवलं होतं. तरी बसले. मग हेडसेट काढून ठेवला.

जरा वेळानं आबांचा फोन आला.

"आज बी गया व्हतू तुना वाचनालयमा," ते म्हणाले. "आत्तेच. पान लगेच भेटनं. जराखा बठनू. कोनीच नव्हतं. तू बी नव्हती."

मी होते. त्याच वेळी, त्याच टेबलापाशी, तेच पान घेऊन. वेगवेगळ्या प्रती, वेगवेगळी दालनं, हे त्यांना कसं समजावणार, आणि समजावून काय होणार होतं. फोनमध्ये मागे आई भांडी घासत असल्याचा आवाज येत होता.

"आबा," मी म्हटलं, "येत्या रयवारले मी वाचनालयमा उनू ते चाली का? गावना."

ते लगेच बोलले नाहीत. मी नववीत होते तेव्हा दारात उभे राहिले होते, तेवढाच वेळ गेला असेल.

"ये," ते म्हणाले. "मी पान धरी ठेवसू."