झिऱ्यातलं सातवं कारण

राज्यांच्या फेररचनेत आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात बाभुळगावात माझं व्याख्यान झालं. विषय, मोठी राज्यं का बुडतात. मी इतिहासाचा मास्तर. सात कारणं काढली होती, प्रत्येक कारणाला एक कागद. टाळ्या पडल्या आणि आपल्यालाच एखादं साम्राज्य मिळाल्यासारखा मी फुगलो.

मग कोरड्या नाल्यात रोडगे-वांग्याची पंगत बसली. वाळूत खड्डे होते. “उष्ट्याची सोय झाली!” म्हणत कुणीतरी पत्रावळ त्यात टाकली. पिण्याच्या पाण्यासाठी वाळूत खणलेला झिरा कुणाला ओळखता येत नाही? मलाही येत होता. पण पुढच्यानं टाकली म्हणून मीही टाकली, वर तेलकट हात एका कागदाला पुसून तोही टाकला.

सकाळी नाल्याकाठच्या तांड्याचा म्हातारा नायक माझ्या दारात. “चाला गुर्जी.”

झिऱ्यात द्रोण, वांग्याची देठं, तेलाचा तवंग, वर माशांचा घोळका. काठावर बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या. आणि मधोमध माझं सातवं कारण: नीतीचा ऱ्हास. शाई पसरली होती, पण अक्षर माझंच.

“आमचे पणजे बैलावर दाणा लादून फौजेले पुरवत,” म्हातारा म्हणाला. “तळावर गेले का आधी पाणी पाहात. पाण्यात घाण दिसली का गोणी उतरवतच नव्हते. बैल वळवून चालले.”

“आन् फौज?”

“उपाशी फौज किती दिवस राज्य करन, गुर्जी? पण आता आमच्यापाशी वळवाले बैल कुठं हाय? वावरं हायेत. तांडा उचलून जावं कुठं?”

माझ्या सातही कारणांत हे नव्हतं. धोतर खोचून मी घाण उपसली. दोनदा ओकलो, तीही घाण मलाच उचलावी लागली. दुपारपर्यंत तांड्यातल्या गड्यांसोबत वरच्या अंगाला नवा झिरा खणला. गढूळ पाणी हळूहळू निवळलं. एका बाईनं पहिला लोटा भरून माझ्यापुढं धरला.

घसा कोरडा ठाक होता. पण डोळ्यांपुढून त्या माशा हलेनात.

“मले तहान नाही,” मी म्हणालो.

म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहिलं, लोटा घेतला आणि एका दमात रिकामा केला. “आमाले हाय,” तो म्हणाला.