मास्तरांना हवा होता तसा कॅमेरा

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको. मी गाड्यांचं वायरिंग करतो. दिवसभर डॅशबोर्डखाली उताणं पडून वायरी शोधायच्या आणि वरून गिऱ्हाईक दर पाच मिनिटांनी विचारणार, "झालं का?" अशा धंद्यात डोकं थंड ठेवणारा माणूस मला दाखवा. पण मास्तरांपुढे माझा राग कधी टिकला नाही. मास्तर म्हणजे माझ्या ताईचे यजमान, माझे भावजी. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात, आणि चिडली की ताईसुद्धा.

एकतीस वर्षं हा माणूस शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसलाय. त्या सीटपुढे एक जादा ब्रेक असतो, तेवढाच काय तो त्यांच्या ताब्यात. स्टिअरिंग दुसऱ्याचं, चुका दुसऱ्याच्या, आणि वेग सायकलचा. "आरसा बघा. मान वळवा. बाजूला कोण आहे ते बघितल्याशिवाय गाडी हलवायची नाही." दिवसातून शंभर वेळा हेच. बोलताना त्यांची स्वतःची मानही सारखी इकडून तिकडे फिरायची. घरी जेवतानासुद्धा फिरायची. आम्ही म्हणायचो, भावजी, मानेला जरा वंगण घाला. तेही हसायचे.

महिन्यातला एक रविवार मात्र त्यांचा स्वतःचा असायचा. शहराबाहेरचा शर्यतीचा ट्रॅक त्या दिवशी साध्या माणसांसाठी उघडतात. आपली गाडी आणायची, हेल्मेट घालायचं, पट्टे आवळायचे आणि फेऱ्या मारायच्या. शर्यत नाही, बक्षीस नाही, कुणाला हरवायचं नाही. मास्तरांनी त्यासाठी एक जुनी छोटी गाडी ठेवली होती. मागची सीट काढून, गाडी उलटली तरी जीव वाचावा म्हणून, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला होता, तो मीच वेल्ड करून आणला होता. त्या गाडीतून उतरताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. सोमवार ते शनिवार तो चेहरा कुणालाही दिसायचा नाही, ताईलाही नाही.

तिथे पुढे जाण्याचा एक नियम आहे. मागून वेगवान गाडी आली, तर पुढच्यानं खिडकीतून हात काढून बोटानं बाजू दाखवायची: उजवीकडून जा. हात दाखवल्याशिवाय मागच्यानं पुढे जायचं नाही, आणि एकदा हात दाखवला की पुढच्यानं आपली रेघ, म्हणजे चालली आहे ती वाट, सोडायची नाही. मास्तरांनी दोनदा हात दाखवला आणि दोन्ही वेळा बाजूला आलेल्या गाडीच्या अंगावर स्वतःची गाडी घातली. कुणाला लागलं नाही, पण दोन्ही वेळा लेखी समज मिळाली. तिसऱ्या वेळी ट्रॅक कायमचा बंद, असं दुसऱ्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं.

"खोटं बोलतात ते," मास्तर म्हणाले. "बाजूला कुणी नव्हतंच. मागाहून घुसले आणि माझ्यावर ढकललं."

"सोडून द्या ना," ताई म्हणाली. "आता वय झालं का नाही?"

"सोडून देऊ? आणि मग महिनाभर वाट कशाची बघू?"

ताई ताटं उचलून आत गेली.

म्हणून कॅमेरा. गाडीत कॅमेरा लावायचा, सगळं टिपायचं, आणि पुढच्या वेळी कुणी दोष दिला की त्याच्या तोंडावर पुरावा फेकायचा. मास्तरांनी हे काम माझ्यावर टाकलं. मी ओळखीच्या कॅमेरावाल्याकडून तीन कॅमेरे बघायला आणले. तोही आला, कारण माझ्यावर त्याचा काडीचा भरवसा नाही.

आता गाडीत कॅमेरा लावणं म्हणजे खेळ नाही. काचेला चिकटणारा रबरी कप ट्रॅकवर चालत नाही. उन्हात सुटला तर कॅमेरा ड्रायव्हरच्या डोक्यात. पिंजऱ्याच्या नळीला पक्का आवळायचा, वर एक दोरीही बांधायची. बॅटरीच्या भरवशावर राहायचं नाही, वायर ओढायची. जागा म्हणजे दोन सीटांच्या मधोमध, खांद्याच्या उंचीवर, म्हणजे हात, स्टिअरिंग आणि रस्ता तिन्ही येतात. हे सगळं मला कळतं. मला कळेना ते मास्तर.

पहिला कॅमेरा सगळ्यांत रुंद नजरेचा. वर्कशॉपला एक चक्कर मारून आलो आणि लॅपटॉपवर बघितलं. पुढची काच, दोन्ही बाजूंचे आरसे, उजव्या खिडकीचा निम्मा भाग, फुटपाथवरून चाललेली बाई, सगळं एका चित्रात. मी खूश.

मास्तर म्हणाले, "हे कसलं? कडेला काय काय पसरवून ठेवलंय. माणसाला असं दिसतं का कधी?"

"दिसतं की."

"मला शिकवू नकोस. एकतीस वर्षं काचेतून बघतोय मी."

दुसरा कॅमेरा त्याहून जरा अरुंद. "अजून फापटपसारा आहे," मास्तर म्हणाले. मग कॅमेरावाल्यानं वैतागून तिसऱ्याची नजर कमी करत करत अगदी शेवटपर्यंत नेली. पडद्यावर उरलं काय, तर स्टिअरिंगचा वरचा भाग आणि समोरच्या रस्त्याचा तुकडा.

"हां," मास्तर म्हणाले. "हे खरं. अस्सं दिसतं."

"अहो मास्तर, यात आरसेसुद्धा येत नाहीत," कॅमेरावाला म्हणाला. "हे लोक मुलाखतीला वापरतात. समोर एक माणूस बसवायचा आणि त्याचंच तोंड घ्यायचं."

"मी बघतो तेवढं आलं पाहिजे. जास्त नको, कमी नको."

मी हातातला पाना खाली आपटला. म्हटलं, भावजी, भांडण कशाचं आहे? बाजूच्या गाडीचं. मग पुराव्यात बाजू नको? त्यावर त्यांनी शांतपणे मला समजावलं, एखाद्या मठ्ठ शिकाऊला समजवावं तसं. "बाजूनं कुणी आलं तर मला दिसेलच ना? आणि मला दिसलं तर यातही दिसेल." मी कपाळाला हात लावला. कॅमेरावाला हसला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. हट्टी म्हातारा, एवढंच आमच्या डोक्यात आलं.

रागारागानं मी त्यांचा अरुंद कॅमेरा लावला आणि त्याच्याच खाली तो रुंदही आवळला. म्हटलं, एक तुमचा, एक माझा. "लाव बाबा," ते म्हणाले, "तुझंही समाधान होऊ दे."

रविवारी मी कठड्यापाशी उभा होतो. सकाळच्या फेऱ्या उत्तम झाल्या. दुपारच्या दुसऱ्या फेरीत त्यांच्या मागे एक निळी गाडी लागली. सरळ रस्ता आला, मास्तरांनी खिडकीतून हात काढला, उजवीकडून जा. निळी गाडी उजवीकडून आली, त्यांच्या दाराला दार लावून चालली. मला इतक्या लांबून दिसत होती. पुढे उजवं वळण होतं. मास्तरांनी वळणाला गाडी वळवली, जणू बाजूला नुसती हवा आहे. पत्र्याला पत्रा घासल्याचा आवाज आला आणि निळी गाडी कडेच्या वाळूत जाऊन थांबली.

ती चालवत होती एक दातांची डॉक्टर. ट्रॅकच्या ऑफिसात हेल्मेट काढून ती मास्तरांसमोर बसली. "तुम्हीच मला हात दाखवलात," ती मास्तरांना म्हणाली, "आणि मग माझ्याच अंगावर आलात." ती भांडत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं, असं का केलं.

मास्तर मात्र ताठ. त्यांनी स्वतःचा कॅमेरा टेबलावर ठेवला, लॅपटॉपला जोडायला लावला. समोरचा रस्ता, स्टिअरिंग, वळण, मग धक्का. निळी गाडी कुठेच नाही. "बघा," मास्तर म्हणाले. "मोकळं होतं." ट्रॅकच्या प्रमुखांनी ते दोनदा बघितलं आणि म्हणाले की यातून काहीच सिद्ध होत नाही, ना तुमचं ना त्यांचं. मग माझ्याकडे वळले. "नळीवर दुसराही कॅमेरा होता ना?"

"तो चालूच झाला नाही," मी म्हणालो. "वायर सैल होती."

माझी वायर आणि सैल. आयुष्यात धंद्याच्या नावावर मी असं खोटं कधी बोललो नव्हतो. पण भावजींचा चेहरा बघितला आणि तोंडातून निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ताईकडे गेलो. दारातून आत गेलो तर मास्तर टीपॉयला अडखळून नडगी चोळत बसलेले. ताई म्हणाली, या घरात टीपॉय नव्यानं आल्यासारखा रोज आपटतात. मी म्हटलं, भावजी, जरा बसा, तुम्हाला काही दाखवायचंय. रुंद कॅमेऱ्यातलं टीव्हीवर लावलं. मनातून मी चिडलेलोच होतो. बेफिकीर गाडी चालवता, दुसऱ्याला खोटं पाडता, आणि तुमच्यापायी मी खोटं बोलतो. आज तोंडावर सांगणारच होतो.

निळी गाडी खिडकीत आली. चार सेकंद पडद्याच्या उजव्या कडेला तिचं नाक, मग दार, मग आतलं हेल्मेट.

"बघितलंत?" मी म्हणालो.

"काय?"

"गाडी."

"कुठली गाडी?"

मी पुन्हा लावलं. ते पडद्यासमोर तीन फुटांवर बसले होते आणि रस्त्याच्या मधोमध बघत होते. "कुठेय?" ते म्हणाले. चेष्टा करत नव्हते. मी चित्र थांबवलं. त्यांच्या नजरेसमोर बोट धरलं आणि ते पडद्यावरून हळूहळू उजवीकडे नेलं. त्यांचे डोळे बोटामागे सरकत गेले. बोट निळ्या पत्र्यावर पोचलं तेव्हा ते दचकले.

"ही आधीपासून इथे होती?" त्यांनी विचारलं.

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि ती खाली बसली. माझा राग कुठल्या कुठे गेला. कॅमेऱ्यांच्या दिवशी मी आणि तो कॅमेरावाला हसलो होतो, ते आठवून मला स्वतःची किळस आली.

डोळ्यांच्या हॉस्पिटलात त्यांनी अक्षरांचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. दर वेळी लायसनच्या कामाला असाच वाचायचे. मग एका मशिनीत हनुवटी ठेवायला सांगितली. समोरच्या ठिपक्याकडेच बघायचं, मान हलवायची नाही, आणि आजूबाजूला बारीक दिवा लागला की बटण दाबायचं. मी मागे स्टुलावर बसलो होतो. बटणाचा आवाज येई, मग बराच वेळ काही नाही. मी मनात म्हणत होतो, दाबा हो भावजी, दाबा.

कागद बाहेर आला तो जवळजवळ सगळा काळा, मधोमध एक लहानसं पांढरं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काचबिंदू. दुखत नाही, म्हणून कळत नाही. गेलेलं परत येत नाही; थेंब घालून उरलेलं जपायचं, तेही जमेल तितकं. सहासात वर्षं हे चाललं असणार. मान सारखी फिरवायची सवय होती म्हणून निभावलं. हेल्मेट आणि पट्ट्यांत मान अडकली आणि उघडं पडलं. गाडी बंद. आजपासून.

मास्तरांनी एकच विचारलं. "सहासात वर्षांत माझ्याकडे पाचसहाशे माणसं शिकली. त्यांना कुणाला माझ्यामुळे..." डॉक्टरीणबाईंनी थेंबांची चिठ्ठी लिहायला घेतली.

ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी त्यांना ऑफिसात बसवलं, फॉर्म भरायला. ते जातात, बसतात, भरतात. घरी आल्यावर बोलत नाहीत. ताई त्यांना हसवायला बघते आणि मग स्वतःच मोरीत जाऊन रडते.

तीन आठवड्यांनी ट्रॅकचं पत्र आलं. मी तिथेच होतो. मास्तरांनी ते एक एक शब्द करत वाचलं. पुरावा नसल्यामुळे ही तिसरी घटना धरत नाही, पुढच्या महिन्यापासून येण्यास हरकत नाही, असं लिहिलं होतं. माझ्या खोट्याचं फळ.

"फाडून टाका ते," ताई म्हणाली.

मास्तरांनी पत्राची घडी घातली. मग मला म्हणाले, "तुझ्या कॅमेऱ्यातलं अजून आहे?"

"आहे."

"त्यांना पाठव. डोळ्यांचा कागदही पाठव. त्या दातांच्या डॉक्टरबाईंना कळू दे की त्या खरं बोलत होत्या. आधीच्या त्या दोघांनाही."

"भावजी, आता कशाला? तुमची अब्रू जाईल, माझीही जाईल. तुम्ही तर जाणारच नाही ना तिकडे?"

"मी जाईन," ते म्हणाले. "मी कसा आहे ते मला माहीत आहे ना. एखाद्या रविवारी तुम्हा दोघांना न सांगता जाईन. म्हणून पाठव."

मी लॅपटॉप उघडला. वायर सैल नव्हती, मी खोटं बोललो, तेही लिहिलं. फाइल मोठी होती, जायला वेळ लागला. तोवर ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसून राहिले.

"गेलं?"

"गेलं."

"आता ते मला कधीच घेणार नाहीत ना?"

"नाही घेणार, भावजी."

मग ते रडले. ताईनं त्यांना रडू दिलं, आणि मीही.