मांजरसुंब्याच्या घाटातलं वळण

शकूताई गेल्याचा फोन मला अस्मितानं केला. हे मला अजून पचलेलं नाही. ताई गेली हे तर पचणार नाहीच, पण अस्मिताला आधी कळलं आणि मला नंतर, हेही पचलेलं नाही. मी ताईची सख्खी मावसबहीण. तिच्या आणि माझ्या घरांमध्ये फक्त दोन गल्ल्या... आणि बातमी आली ती बँकेत नोकरी करणाऱ्या, ताईला अलीकडेच ओळखायला लागलेल्या मुलीकडून. त्या दिवशी रविवार होता, सहलीचा दिवस. गाडी निघायची वेळ झाली तरी ताई आली नाही, म्हणून अस्मिता घरी बघायला गेली. शेजाऱ्यांनी त्यांच्याकडची किल्ली लावून दार उघडलं, तर ताई झोपेतच गेलेली. "मावशी, ताई गेल्या वो," एवढं बोलून अस्मिता हमसून हमसून रडायला लागली आणि मलाच तिची समजूत घालावी लागली. माझं रडणं त्या गडबडीत राहून गेलं.

बीडमधल्या बऱ्याच बायकांना शकूताई माहीत असणार. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिनं हे सहलीचं काढलं. फक्त बायकांची, एका दिवसाची सहल. जब्बारभाईंची छोटी बस ठरलेली. सकाळी कंकालेश्वराच्या देवळापासून निघायचं, खजाना विहीर बघायची, मांजरसुंब्याचा घाट चढायचा, कपिलधारेला थांबायचं, नायगावच्या बाजूला मोर दिसले तर बघायचे, पाटोद्याला जेवायचं आणि शेवटी सौताड्याचा धबधबा, की परत. आता या ठिकाणांत नवं ते काय! बीडच्या माणसानं ती लहानपणापासून पाहिलेली. पण ताईबरोबर गेलेली बाई घरी येऊन सांगायची ते असं, की ती जणू परदेशी जाऊन आली. खजाना विहिरीशी ताई निजामशाहीचं थोडक्यात सांगायची आणि मग प्रत्येकीला आत डोकावून आपलं माहेरचं नाव घेऊन मोठ्यानं हाक मारायला लावायची. लग्नात नाव बदललेल्या बायका, कित्येक वर्षांत ते नाव तोंडात न आलेल्या. विहीर ते नाव परत पाठवायची आणि एखादी तरी तिथंच पदर डोळ्याला लावायची. मला हे दर वेळी नाटकी वाटायचं. आणि दर वेळी मीच सगळ्यांच्या आधी आत डोकावायचे.

लोकांना आपलंसं करण्याची कला तिच्याकडे होती आणि माझ्याकडे नव्हती, हे मी सरळ सांगते. पंचायत समितीत आयुष्य काढलं, माझ्या निरोपाला चहा आणि नारळ मिळाला. ताई गेली तर तलवाड्यापासून पाटोद्यापर्यंतच्या बायका आल्या. जी ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून एकच वाक्य म्हणत होती, "माझ्यावर लई जीव व्हता त्यांचा." माझ्यावर, माझ्यावर, माझ्यावर... मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, बायांनो, जरा रांगेत या. सगळ्यात पुढं मी आहे.

कारण मी ताईची पाठराखीण होते. नवरी पहिल्यांदा सासरी निघते तेव्हा तिला एकटं वाटू नये म्हणून माहेरची एखादी मुलगी किंवा बाई सोबत जाते, चार दिवस राहते, तिला पाठराखीण म्हणतात. ताईचं लग्न तलवाड्याला झालं, सासर पाटोद्याचं. मी चौथीत होते. मोठ्या बहिणींना सोडून मावशीनं मला निवडलं, कारण मी कुणाला घाबरत नसे. नवरदेवासकट वऱ्हाड ट्रकमध्ये होतं आणि आम्ही जीपमध्ये. पुढं ड्रायव्हरशेजारी ताईच्या सासूबाई, मागं गाठोड्यांच्या मधे ताई आणि मी. मांजरसुंब्याच्या घाटात वळणं सुरू झाली तशी ताईनं माझा दंड घट्ट धरला. डोक्यावरून पदर, त्यामुळे तिचं तोंड मला दिसत नव्हतं. आणि मग ती ओकली. लग्नाच्या शालूवर, थोडं माझ्या परकरावर. सासूबाई पुढं पेंगत होत्या, त्या दचकून जाग्या झाल्या.

"कोन ओकलं गं?"

नवी नवरी वाटेत ओकली म्हणजे लोक काय काय बोलतील, हे मला चौथीत काय कळणार? पण ताईची नखं माझ्या दंडात रुतली, तेवढं कळलं. मी म्हणाले, "मी."

"आता गं बया! असली नाजूक पोरगी कावून दिली संगं?" सासूबाईंनी जीप थांबवायला लावली. एका वळणावर, झाडाखाली. ड्रायव्हरकडच्या कॅनमधलं पाणी घेऊन ताईनं खाली बसून शालू धुतला. मी शेजारी उभी राहून ओकल्यासारखं तोंड केलं होतं. त्या दिवसापासून दोन्ही घरांत माझं नाव 'ओकारी कुंदी' पडलं. लग्नकार्यात कुठं गाडीत बसायची वेळ आली की कुणीतरी म्हणणारच, कुंदीला खिडकीशी बसवा, शालू सांभाळा. माझ्या स्वतःच्या लग्नातसुद्धा दिरांनी ही थट्टा केली. मला आयुष्यात कधी गाडी लागलेली नाही. पण मी एकदाही तोंड उघडलं नाही आणि ताईनंही नाही. माझ्याकडे नाव नव्हतं, रूप नव्हतं, माणसं जमवायची हातोटी नव्हती. पण शकूताईची एक गोष्ट होती, जी जगात आम्हा दोघींनाच ठाऊक होती. ती मी जिवापाड जपली.

सहली सुरू झाल्या तेव्हा ताईनं पुढच्या सीटवर, आपल्याशेजारी मलाच बसवलं. माझ्या मांडीवर तिची खाकी पिशवी असायची. तिच्यात चिरलेली लिंबं, मीठ, आवळासुपारी, एखादं जुनं फडकं. घाटातल्या त्याच वळणावर ती बस थांबवायला लावायची. तिथं देऊळ नाही, पाटी नाही, इतिहासाच्या नावानं काही नाही. "खाली उतरा, घाट बगा," एवढंच ती म्हणायची. बायका खालची दरी बघायच्या, लांबवर पसरलेली शेतं बघायच्या, फोटो काढायच्या. मी प्रत्येकीच्या हातावर मीठ लावलेली लिंबाची फोड ठेवायचे. आणि कधीतरी ताई त्या घोळक्यातून माझ्याकडे बघायची. बस्स. माझा तेवढ्यावर आठवडा जायचा.

मग अस्मिता आली. पहिल्या सहलीला मागं बसली होती. पुढच्या वेळी बघते तर माझ्या जागेवर, पिशवी मांडीवर घेऊन! मी बसच्या दारात उभी. ताई मला म्हणाली, "कुंदे, तू मागं बस की. तुला कुटं गाडी लागती?" आणि हसली. मला ते हसणं फार लागलं. आमच्या दोघींतली ती गोष्ट, आणि ती अशी मला उठवायला वापरावी? मी मागं जाऊन बसले. पुढं त्या दोघींचं काहीतरी सारखं चालू असायचं, हसणं, खिदळणं. मागून मला फक्त दोन डोकी दिसायची. अस्मिता सहलीची नोंदणी मोबाइलवर घ्यायला लागली, मग ताईला औषधं आणून द्यायला लागली, मग ताईच्या वाढदिवसाला तिनं साडी आणली आणि ताई ती नेसली. मी दिलेल्या साड्या कपाटात. हळूहळू मी गुडघ्याचं निमित्त काढून सहलीला जाणंच कमी केलं. ताई बोलावणं पाठवायची, "मागच्या बायांत कुनीतरी आपलं पायजे गं." मी म्हणायचे, गुडघा. अस्मिताच्या नावानं माझा जो जळफळाट व्हायचा त्यावर कोणत्या डॉक्टरकडे औषध होतं?

ताईला जाऊन महिना झाला तसा अस्मितानं परत फोन केला. ताईच्या आठवणीत तशीच सहल काढायची, तुम्ही यायलाच पाहिजे. मी गेले. खरं सांगायचं तर चुका काढायला गेले. ही पोरगी ताईची जागा घेते म्हणजे काय, बघू तरी. खजाना विहिरीशी ती निजामशाहीचं बोलताना दोनदा अडखळली, मला बरं वाटलं. मग तिनं विहिरीत डोकावून आपल्या माहेरच्या नावानं हाक मारली आणि तिचा आवाज फुटला, तेव्हा बाकीच्या बायकांबरोबर माझेही डोळे भरले, याचा मला राग आला. पुढच्या सीटवर तिच्याशेजारी कॉलेजातली एक मुलगी बसली होती. मी आपली मागं.

घाटात ते वळण आलं. जब्बारभाईंनी न सांगता बस थांबवली. सगळ्या उतरल्या. ती कॉलेजची मुलगी मात्र चार पावलं जाऊन झाडाखाली बसली आणि ओकायला लागली. शरमेनं अर्धमेली झाली होती बिचारी. अस्मितानं तिचं कपाळ धरलं, पाठीवरून हात फिरवला. मी ताईच्या खाकी पिशवीतलं फडकं घेऊन जवळ गेले, तेव्हा माझ्या कानावर आलं.

"अगं लाजती कावून? आपल्या ताई तर स्वताच्या लग्नात ओकल्या व्हत्या. हितंच. शालूवर!"

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. ती मुलगी बसमध्ये जाऊन बसेपर्यंत मी कशीबशी थांबले.

"हे तुला कोनी सांगितलं?"

"कोनी म्हंजे? ताईंनीच की. मी पयल्यांदा आलते तवा मला लई गाडी लागलती. तवा सांगितलं." मग माझा चेहरा बघून ती जरा घाबरली. "मावशी, ज्या बाईला गाडी लागंल तिला सांगायच्या त्या. तुमी नाव आपल्यावर घेतलं, तेबी सांगायच्या."

बसच्या खिडकीतून जब्बारभाईंनी डोकं बाहेर काढलं. "हमकू तो कब से मालूम है, मावशी."

म्हणजे जब्बारभाईंनासुद्धा! इतकी वर्षं मी जी गोष्ट उराशी धरून बसले, ती गोष्ट ताई या वळणावर लिंबाच्या फोडीसारखी वाटत होती. निम्म्या जिल्ह्याला माहीत. मी अस्मिताला विचारलं, मग माझ्यासमोर कधी एक शब्द का काढला नाही? ती म्हणाली, "ताई म्हनायच्या, कुंदीसमोर कुनी काडायचं न्हाई. तिला वाटतंय ती गोष्ट आमा दोघींचीच हाय. तिला तसंच वाटू द्या."

मला हसावं की रडावं कळेना. म्हणजे निम्म्या जिल्ह्यानं मिळून माझं गुपित माझ्यापासून जपलं होतं.

"आन् तू पुढं कावून बसायचीस?" मी विचारलं. आता विचारायचंच तर सगळं विचारावं.

"मागं बसलं की मला लागती वो, मावशी. आजूनबी लागती. म्हनून ताई पुढं बसवायच्या. जिला लागती ती पुढं, आसं व्हतं त्यांचं." तिला वाटलं होतं मला हे माहीत असेल. सगळ्यांना माहीत होतं. तुला कुठं गाडी लागते, असं ताई मला म्हणाली होती ते टोचून नव्हे, साधं सरळ म्हणाली होती. ज्या मुलीवर मी एवढे दिवस जळले, तिला पुढच्या सीटवर मान म्हणून बसवलंच नव्हतं. तिला मळमळत होतं.

हे कळल्यावर माझा मत्सर गेला असेल असं वाचकांना वाटत असेल, तर तसं काही झालेलं नाही. उलट आता मला अस्मिताबरोबर त्या सगळ्याच बायकांचा हेवा वाटतो, ज्यांना घाटात गाडी लागली. त्यांचं कपाळ ताईनं धरलं, त्यांच्या कानाशी वाकून तिनं आपली लाज सांगितली. मी धडधाकट, म्हणून माझ्या वाट्याला मागची सीट. एकदा तरी खोटं ओकायला हवं होतं. पहिल्यांदा जमलं होतं की!

पण एक राहिलं होतं. परत येताना, सौताड्याहून निघाल्यावर, मी अस्मिताच्या शेजारी जाऊन बसले आणि गोष्ट तिच्याकडून पुन्हा सगळी ऐकून घेतली. जीप कुठं थांबली, सासूबाई काय म्हणाल्या, मी काय म्हणाले. सगळं बरोबर सांगितलं तिनं. मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आन् शालू धुताना?"

"शालू धुताना काय?"

"कायी बोलली का ताई, ते सांगितलं का तुला?"

"न्हाई वो. कावून, काय बोलल्या व्हत्या?"

"कायी न्हाई," मी म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. बीड येईपर्यंत मी मान वळवली नाही, कारण महिनाभर राहून गेलेलं रडू आता आलं होतं आणि ते मला अस्मिताला दाखवायचं नव्हतं.

ताईची ती खाकी पिशवी सध्या माझ्याकडे आहे. सहलीहून आले तेव्हा मी ती खांद्याला लावून उतरले, कुणी अडवलं नाही. दारामागच्या खुंटीला अडकवली आहे. जवळून गेलं की अजून लिंबाचा वास येतो. अस्मिताचा दोनदा फोन येऊन गेला, मावशी, पिशवी तुमच्याकडं हाय का? सापडत नाही म्हणून सांगितलं. वर्तमानपत्राची ही पुरवणी तिच्याही घरी जाते, तेव्हा आता तिला कळेलच. तिला पिशवी हवी असेल तर पिशवीबरोबर मलाही न्यावं लागेल, आणि बसवायचं ते पुढं. गाडी लागत नसली तरी. बाकी गोष्ट ताईनं सगळ्यांना वाटलीच आहे, म्हणून मीही इथं लिहून टाकली. मात्र त्या वळणावर, ओला शालू पिळता पिळता, पदराआडून तोंड माझ्या कानाशी आणून ताई जे म्हणाली, ते तिनं कुणालाही सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही.