एका मताचं पाणी

नळावरच्या भांडणात शिंपीणबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याच तोंडाच्या जोरावर गल्लीने त्यांना नगरपालिकेत निवडून पाठवलं. पुढे नव्या जलवाहिनीचा विषय सभेत आला, तेव्हा पैसा एकाच वस्तीपुरता होता. एक तर त्यांची गल्ली, नाहीतर टेकडीवरची वस्ती. टेकडीवर नळच नव्हता. बाईंनी टेकडीसाठी हात वर केला आणि ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला.

संध्याकाळी त्या बादली घेऊन नळावर आल्या, तेव्हा बातमी आधीच पोचली होती.

"या, नगरसेविकाबाई!" त्यांची धाकटी जाऊ म्हणाली. "घरच्यांना कोरड आणि परक्यांना पूर! आता मतंही टेकडीवरूनच आणा."

"अगं, तिथल्या बायकांना भांडायला नळ तरी कुठाय?" बाई म्हणाल्या.

दोघीतिघी हसल्या. जाऊ हसली नाही. पुढच्या निवडणुकीत आपली धडगत नाही, हे बाईंना कळून चुकलं. त्या रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या. त्यांची पाळी येईतो नळाची धार करंगळीएवढी झाली होती.

तेवढ्यात पाणी भरून निघालेली जाऊ परत आली आणि आपल्या बादलीतलं अर्धं पाणी तिने बाईंच्या बादलीत ओतलं.

"मत देणार नाही," ती म्हणाली. "पाणी घ्या."