मनूची लस आणि माझी विरुद्ध बाजू

लसीकरणाची सक्ती असावी की नसावी, या विषयावरील वादविवादात मी स्वतःच्याच घरी विजयी झालो आणि त्यामुळे नातीची लस चुकण्याची वेळ आली.

नऊ महिन्यांच्या मनूला गोवराची लस द्यायची होती. लकडगंजातील आमच्या घराजवळच्या अंगणवाडीतले लसीकरण दोन वाजता संपणार होते. कुहीहून आलेले जावई प्रशांतराव मात्र अडून बसले. मागच्या लशीनंतर मनू तापाने फणफणली होती. त्यातच शाळाप्रवेशाला लशीचे कार्ड सक्तीचे होणार, असे त्यांनी कुठेतरी ऐकले होते.

"पोरगी माही आहे, मामाजी. सरकार काहून जबरदस्ती करून राहिलं?"

जावयाला 'तुम्ही चुकता' असे तोंडावर सांगण्याची आमच्याकडे रीत नाही. (सासऱ्याला सांगण्याची आहे.) म्हणून मी पस्तीस वर्षांच्या विज्ञान-अध्यापनात पारखलेली पद्धत योजली: बाजूंची अदलाबदल. त्यांनी सक्तीच्या बाजूने बोलावे, मी विरुद्ध. जी बाजू आपण मांडतो ती आपल्याला पटू लागते, हा नियम.

प्रशांतराव दीड मिनिटात आटोपले. मग मी उभा राहिलो. बाहेर एप्रिलचे पांढरे ऊन. कूलरमधून वाळ्याचा ओला गंध येत होता. लेकीच्या मांडीवर मनू अर्धे डोळे मिटून. माझा आवाज मलाच तळ्यापलीकडून आल्यासारखा ऐकू येऊ लागला. स्वातंत्र्य, पालकांचा हक्क... मुद्दे ढगांसारखे आपोआप तरंगत आले. भानावर आलो तेव्हा पावणेदोन झाले होते आणि जावयांचे डोळे पाणावले होते.

"मले एवढं नीट बोलता येत नव्हतं, मामाजी. आता तर देतच नाही."

नियम खरा ठरला होता. (थोडेसे मलाही पटले होते.)

लेक रडकुंडीला आली. "बाबा, हे सकाळी जवळपास तयार झाले होते. तुम्ही काहून बोलले?"

तेवढ्यात मनू का आली नाही, हे पाहायला आलेली परिचारिका दारातून आत शिरली. ती माझी जुनी विद्यार्थिनी. अर्धे भाषण तिने जिन्यातच ऐकले होते. माझ्याकडे न पाहता ती प्रशांतरावांसमोर बसली.

"भाऊ, ताप आला तरी उतरते. गोवरानं लेकराचं काय होते, ते मी पाहिलं आहे. मी जबरदस्ती नाही करून राहिली, विचारून राहिली."

प्रशांतरावांनी मनूच्या कपाळावर हात ठेवून पाहिला. मग त्यांनी तिला उचलले. "चला, ताई."

दोनला पाच मिनिटे कमी असताना अंगणवाडीत लस टोचली गेली. मी समाधानाने परिचारिकेच्या वहीत डोकावलो. मनूच्या नावापुढे बरोबरची खूण होती आणि तिच्याखाली, माझ्याच वर्गात वळण लागलेल्या सुवाच्य अक्षरांत, शेरा: 'आईवडील तयार. आजोबांना समजावण्यासाठी पुन्हा भेट द्यावी.'