तात्यासाहेबांची मूळ संख्या

गारखेड्यात तात्यासाहेबांची ओळख म्हणजे त्यांचा मोबाइल नंबर. तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला हा माणूस नंबर देताना आधी छाती फुगवायचा.

"दहा आकडी मूळ संख्या हाय ही! एक आणि ती स्वतः सोडली, तर कशानंच भाग जात नाय. अगदी माझ्यासारखी!" आणि त्याच दमात, "आकड्यांची बेरीज पंचेचाळीस. चार नि पाच नऊ. लई शुभ! ज्योतिषाला दाखवूनच घेतलाय."

सत्यनारायणाला जमलेल्या गल्लीनं माना डोलावल्या. त्यांची बायको दगडाबाई प्रसाद वाटत होती. ओसरीवरच्या शिकवण्या ऐकण्यात तिचा जन्म गेला होता.

"अहो, बेरजेला नऊनं भाग गेला की अख्ख्या संख्येला जातो, हे तुम्हीच शिकवायचे ना?"

तात्यासाहेबांनी ओठ हलवत भागाकार केला. बाकी शून्य.

"भाग जातो," ते पुटपुटले.

"आणि हा नियम चुकला की पोरांच्या तळहातावर पट्टी कोण हाणायचं?" दगडाबाईनं शिऱ्याचा डाव उचलला. "करा हात पुढं."