छापून आलेलं चाक

माझ्या घरी शेवयांचं यंत्र आहे, हाताने फिरवायचं. सासूबाईंचं. आमच्या आळीत दुसरं नाही, म्हणून चैत्र लागला की बायका पिठाचे गोळे घेऊन ओसरीवर येतात. मला बोलावं लागत नाही. त्याच बोलतात, मी दांडा फिरवते. मालक गेल्यापासून घरात माणसांचा आवाज होतो तो तेवढाच महिना.

तीन वर्षांपूर्वी यंत्राच्या चाकाचे दात तुटले. धामणकर नाक्यावरच्या मिस्त्रीने हात वर केले. "भाभी, ये पुराना माल अब नहीं आता." माझी पुतणी वळ गावातल्या गोडाऊनमध्ये कामाला आहे. तिने मापं घेतली आणि मोबाईलवरून चाक छापायला दिलं. लोखंडही छापतात हे मला तेव्हा कळलं. धातूची भुकटी थरावर थर वितळवून वस्तू उभी करतात म्हणे. आलेलं चाक असं बसलं की मूळचंच वाटावं.

यंदा तेही झिजलं. पुतणीने त्याच ठिकाणाहून दोन मागवली, एक जास्तीचं असावं म्हणून. एकाचं भोक लहान, ते आसावर चढेना. दुसरं चढलं, पण डुगडुगत होतं, आणि हाताला वाळूसारखं खरखरीत लागत होतं.

"काकी, चित्र तेच पाठवलंय. ते म्हणतात, थोडा फरक येतोच."

"बदलून देतील का?"

"बघू म्हणतात. तूच बोल ना, लावून देते."

मी फोन तिच्याच हातात परत दिला. पीठही त्याच मापाने भिजवलं तरी रोज सारखं होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ते मी बोटाने बघते, लागलं तर पाण्याचा हात लावते. हे चाक पाठवण्याआधी कोणी त्याला बोट लावून बघितलं का, एवढंच मला विचारायचं होतं.

तोवर शेजारची मावशी कुंपणावरून दोनदा चौकशी करून गेली. तिसऱ्यांदा तिच्या हातात दुकानातलं शेवयांचं पाकीट होतं. "तुला कशाला तरास? ह्या बऱ्या हायेत." मी मान हलवली.

मग मी लहान भोकाचं चाक घेतलं आणि मालकांची गोल कानस शोधून काढली. रोज दुपारी थोडं घासायचं, आसावर घालून बघायचं. जास्त घासलं तर तेही डुगडुगलं असतं. नवव्या दिवशी बसलं. फिरतं, पण दर फेऱ्याला एक दात अडतो आणि टक् वाजतं.

आता बायकांना कळवायचं कसं? मी कधी कोणाला बोलावलेलं नाही. यंत्राचा आवाज ऐकूनच त्या यायच्या. ओसरीवर खाट टाकली, तिच्यावर शेवया वाळत घालायला धुतलेलं धोतर पसरलं आणि पीठ न घालताच दांडा फिरवत बसले.

बऱ्याच वेळाने मावशी पलीकडून ओरडली, "काय ठोकतेस गं?"

"यंत्र हाय, मावशी. पीठ घेऊन ये."

माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला. पलीकडे भांडी घासण्याची खडखड चालूच होती. मी पुन्हा दांडा फिरवायला लागले.